कारण : इतर

ऐरोलीत, सातव्या मजल्यावर,
संध्याकाळी सहाला माझी सकाळ होते.
तिथे तेव्हा साडेआठ.
पोर्तो ओरेलाच्या बाहेर पांढरं जहाज नांगरून उभं,
माणसं नाश्ता उरकून, अंगाला क्रीम चोपडून रांगेत,
आणि कप्तानाचा निरोप :
छोट्या बोटी आज उतरणार नाहीत.

मग माझा फोन वाजायला लागतो.

कासवांसोबत पोहणं, रद्द.
काचेच्या तळाची बोट, रद्द.
रमची जुनी भट्टी, जेवणासकट, रद्द.
पैसे सात ते दहा दिवसांत.

"पण ऊन पडलंय!"
प्रत्येक जण हेच म्हणतो, जणू मीच ते लपवलंय.
मी सांगते, वादळ लांब आहे, चारशे मैलांवर,
पण त्यानं ढकललेलं पाणी इथवर येतंय.
'इथवर' म्हणायचं, 'तिथवर' नाही,
असं पहिल्याच आठवड्यात शिकवलंय.

काल एक म्हातारी होती. मिसेस हॅलोरन.
तिनं पैसे मागितलेच नाहीत.
नव्या सँडल घेतल्या होत्या म्हणे, वाळूसाठी,
अजून पेटीतच आहेत.
मग विचारलं, "तुझ्याकडे कशी आहे गं हवा?"

आमच्या काचा उघडत नाहीत.
खाली खाडी उतरली होती, चिखल चमकत होता,
कडेला रोहित पक्ष्यांची रेघ,
कुणी खडूनं ओढून बोटानं पुसल्यासारखी.
छान आहे, म्हटलं मी.
पुढचा कॉल.

पहाटे चारला गाडीनं दिवा कोळीवाड्याच्या तोंडाशी सोडलं.
बाबा जागेच. भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे
बॅटरी धरून तिथी बघत.
"अष्टमी. आठाला पाऊण.
सहाला भरेल. तीपण भांगाची, अर्धीमुर्धी."
त्यांना आकडेमोड एवढीच येते
आणि ती कधी चुकलेली मला माहीत नाही.

घोडबंदरच्या सोसायटीचे बारा जण.
सहाला या, असं दोनदा फोनवर सांगितलेलं.
आले साडेआठला,
दुधाच्या कॅनएवढी लेन्स, इडल्यांचे डबे,
आणि एक मुलगी, दात पडलेली, गुलाबी फ्रॉकात.

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.
"आज नाय जावाचं."

"अहो काका, ऊन काय मस्त पडलंय!"

मी दारातून पुढे झाले, अजून कालच्याच कपड्यात,
आणि माझ्या तोंडून निघालं,
आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपली सुरक्षितता...
आपलाच आवाज ऐकून मी थांबले.
लेन्सवाल्यानं विचारलं, तुम्ही कोण?

बाबा म्हणाले,
"जाऊ की. जायाला काय हाय.
पर मधी चिखलान बसली होडी,
तं सांजच्या पाण्याशिवाय सुटाची नाय.
बारा माणसां, एक पोर, वर ऊन.
पाणी नाय म्हनतंय. मी नाय."

मग बनियनच्या खिशातली पिशवी काढली,
आगाऊ घेतलेले पैसे मोजून परत दिले,
जिभेला बोट लावून, नोट नोट सुटी करून.
सात ते दहा दिवस नाहीत. तिथल्या तिथे.
त्यात डिझेल भरून झालेलं होतं,
ते त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

माणसं चिडून गाडीत बसली.
मुलगी तेवढी जेट्टीच्या टोकाला उभी,
लांबच्या त्या रेघेतले पक्षी मोजत.
एकोणचाळीसपर्यंत आली, तेव्हा हॉर्न वाजला.

आज परत सातवा मजला.
परत ऊन आहे, बोटी नाहीत.
प्रत्येक रद्द सहलीपुढे एक रकाना भरावा लागतो :
वारा, लाटा, बंदर बंद, तांत्रिक बिघाड,
असे नऊ पर्याय,
मिसेस हॅलोरनच्या नावापुढे कालपासून रिकामा.
मी खाली खाली जात राहते.
दहावा 'इतर' आहे, पुढे लिहायला छोटीशी जागा.

लिहिते, पुसते.
काचेखाली नवमीचं पाणी
पावणेसातला यायचं आहे.
अजून दहा मिनिटं.