नऊ फूट

आमच्या विद्यापीठाचं जुनं दफ्तर
पोहण्याच्या तलावात ठेवलेलं आहे.
नव्या मदतनिसाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते,
कारण ढकलगाडीवरचा हात सुटला
की ती आपली आपण उताराला लागते
आणि गहू संशोधनाच्या अहवालांवर जाऊन आदळते.

कपाटांच्या फटींतून निळी अक्षरं दिसतात अजून.
तीन फूट, इथे सूर मारू नये.
पाच फूट.
आणि टोकाला, अध्यक्षांची खासगी पत्रं आहेत तिथे,
नऊ.

तलाव का बंद केला याची फाइल सापडत नाही.
भिंतीत पाणी मुरत होतं म्हणतात.
काहीजण म्हणतात, भिंतीत नाही, हिशेबात.

इथे नॉर्थ डकोटात हिवाळा ऑक्टोबरात येतो
आणि एप्रिलपर्यंत बूट काढत नाही.
म्हणून आधी व्यायामशाळा बांधली, ग्रंथालय मागाहून.
पैसे धान्याच्या कोठारवाल्या हालवर ब्रेक्केचे.
त्याच्या नावातलं पहिलं अक्षर एका वादळात निखळलं,
ते परत बसवायचा ठराव सात वेळा मंजूर झाला
आणि इमारत पाडली तेव्हाही
दारावर रेक्केच होता.

युद्धानंतर फुटबॉलच्या मैदानावर पत्र्याच्या खोल्या आल्या,
परतलेले सैनिक, त्यांच्या बायका, रॉकेलचे स्टोव्ह.
एका फोटोत गोलपोस्टला दोरी बांधून लंगोट वाळत घातलेत,
गोठून पुठ्ठ्यासारखे ताठ.
मागे कुणीतरी लिहिलंय : आमचा संघ.

परवा व्हर्ना ओडेगार्ड आली. वय अठ्ठ्याऐंशी.
सोबत नातू, त्याच्या हातात तिची पर्स.
म्हणाली, मी इथे बास्केटबॉल खेळायचे,
मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते पाच,
खिडक्यांना खाकी कागद चिकटवून.
नातवाचा विश्वास बसत नाही. काही आहे का तुमच्याकडे?

पुरुषांचे एकोणचाळीस खोके आहेत.
कोणाचा गुडघा कधी दुखला, तेही आहे.
मुलींच्या नावाचं एक पाकीट, त्यात एक पावती :
अकरा टॉवेल धुतल्याबद्दल, एक डॉलर दहा सेंट.

तिने ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली.
बारा होतो आम्ही, म्हणाली.
लॉईस टॉवेल घरून आणायची.

मग मला आठवलं, आणि मी त्यांना कँटीनमध्ये नेलं.
पाडापाडीत मेपलची जमीन वाया जाऊ नये म्हणून
सुतार एल्डन क्विस्टने तिची टेबलं केली होती.
फळ्या लावताना क्रम पाहिला नाही त्याने,
त्यामुळे काळ्या रेघेचा एक तुकडा इथे,
तिचं वळण पलीकडच्या भिंतीपाशी,
आणि वर्तुळाचा मध्य बहुधा मागच्या स्वयंपाकघरात,
जिथे कांदे चिरतात.

व्हर्ना टेबलामागून टेबल तळहाताने चाचपत गेली.
मुलं ताटं उचलत होती, कशासाठी ते न कळता.
सहाव्या टेबलाशी ती थांबली.
एक मुलगा सूप पीत होता. त्याला म्हणाली,
जरा सरक, तू माझ्या जागेवर आहेस.

नातू हसला. ती नाही हसली.
गुडघे जरा वाकवले, जमतील तेवढे,
आणि दोन्ही हात छातीपासून वर सोडले.
सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

निघताना विचारलं, तलाव कुठाय?
आम्हाला तिथे बंदी होती. मुलगे नागडे पोहायचे म्हणून.
फक्त क्लोरीनचा वास यायचा आमच्यापर्यंत.

मी दिवे लावले.
कपाटाला धरत धरत ती उतरू लागली, तीन फूट,
पाच, नातवाला हाताने मागेच थांबवून,
थेट अध्यक्षांच्या पत्रांपर्यंत.
तिथे वळून तिने वर पाहिलं,
पाणी जिथे संपत असेल तिथे.

मी तिला हाक मारली.
ती बोलली नाही.
गाल फुगले होते तिचे,
श्वास रोखून धरला होता.