दोन फेरे हातानं

बोरीच्या पुलावर, बरोब्बर मधोमध, गाडी गप्प झाली.
धूर नाही, खडखड नाही.
रेडिओ चालूच राहिला,
स्टिअरिंग तेवढं हट्टाला पेटलं.
मागच्या सीटवर, बर्फाच्या डब्यात,
शिरोड्याच्या सतरा माणसांचं रक्त,
उपाशीपोटी दिलेलं.

चावी फिरवली. पुन्हा फिरवली.
इंजिन इतकं हलकं फिरलं
जणू त्याच्यावर कसली जबाबदारीच उरली नव्हती.

रक्त रिक्षानं मडगावला गेलं.
मी लोटलीला, बॉस्त्यांवच्या गॅरेजात.
त्यानं वरचं झाकण काढलं,
दोन बोटांनी पट्टा ओढून घेतला.
"साखळी आसल्यार बोवाळ करता, बाय.
हो उलयना."

वरून कोरा दिसत होता, कंपनीची अक्षरंसुद्धा शाबूत.
आतल्या अंगाचे दात झडलेले,
सलग अकरा.

सर्व्हिसच्या वहीत एक लाखाच्या पानावर शिक्का नव्हता.
मला माहीत होतं.
गाडी घेतानाच ते पान पाहिलं होतं
आणि उलटलं होतं.
मग चवथ आली, मग टायर, मग मुलीची फी.
आणि मी रोज सकाळी दारोदार सांगते,
साखर दुखत नाही हो,
म्हणूनच तपासायची.

हेड उतरलं. आठांतले सहा व्हॉल्व्ह वाकडे,
पिस्टनच्या माथ्यावर कोरी उमटलेल्या, नखं रुतावीत तशा.
वर येणारा आणि खाली उतरणारा,
दोघं इतकी वर्षं एकाच जागेतून गेले
एकमेकांना न भेटता.
पुलावर भेटले.

बेचाळीस हजार.
पट्टा, टेन्शनर, पाण्याचा पंप धरून.
"पंप तर चांगलाय ना?"
"आतां बरो आसा," तो म्हणाला
आणि नवा पंप खोक्यातून काढला.

बाराव्या दिवशी खुणेला खूण लागली.
मी चावी पुढं केली.
त्यानं मान हलवली, पाना लावला,
क्रँक हातानं फिरवला, सावकाश,
सबंध दोन फेरे,
कुठं टेकतंय का ते मनगटाला विचारत,
मी बारीक नस शोधताना धरते
तसा श्वास धरून.

जुना पट्टा मागून घेतला.
आमच्या फाटकाची कडी कधीची तुटलीय,
तिथं बांधलाय.
येता-जाता ओढून बघते.
घट्ट आहे.