वेगळं भांडं

रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी किडे मारण्याचं गणित केलं.
दशलक्षात किती भाग, किती तासांत किती मेले,
तक्ता भरला, खाली सही केली,
घरी येऊन कपडे दाराबाहेरच्या बादलीत टाकले.
कुंदाने ते कायम वेगळे धुतले.
का, ते तिने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

आता ऐरोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीच्या पिंजऱ्यात एक जास्वंद,
दोन मिरच्या, एक वांगं,
तेलाच्या डब्यातला कढीपत्ता.
गेल्या मंगळवारी जास्वंदीच्या कळ्यांशी
कुणी कापूस पिंजून ठेवावा
तसा पिठ्या ढेकूण.
चष्मा पुसला, भिंग आणलं
आणि लाज वाटावी इतका आनंद झाला,
जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटल्यासारखा.

माळ्यावरच्या खोक्यात एक बाटली अजून आहे,
निरोपसमारंभाच्या दिवशी खिशात राहून गेलेली.
तिला मी हात लावला नाही.
लावला.
झाकण फिरवलं, वास घेतला, परत ठेवली.

मग लसणाचा एक गड्डा,
सात लवंगी मिरच्या, बोटभर आलं.
मिक्सर फिरला आणि कुंदा दारात:
"चटणीच्या भांड्यात?"
दुसऱ्या दिवशी तिने चीर गेलेलं जुनं भांडं काढून दिलं,
त्यावर लाल नेलपॉलिशने लिहिलेलं: औषध.
जरा थांबून म्हणाली,
"हेही वेगळंच धुवायचं ना?"

नको, म्हटलं. हे खाल्लं तरी चालतं.
ती हसली नाही.
बोट बुडवलं, चाटलं, माझ्याकडे बघत राहिली.
दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.
तिच्या डोळ्यांत तरी
मिरचीचं होतं.

रात्रभर भिजवलं, जुन्या सुती ओढणीतून गाळलं.
रिठ्याचा फेस, त्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल,
नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात.
ऊन उतरल्यावर मारायचं,
पानाच्या पाठीवर नाही, पोटाशी.
किडा पोटाशी राहतो, हे मला माहीत होतं.

माहीत नव्हतं ते चांगुणा मढवीने सांगितलं.
ऐरोली गावातून निवट्या विकायला येते,
पाटी जिन्यात टेकवून वर झाडाकडे बघते.
"दादा, किडं काय बघतंस, मुंगी बघ.
ती पालते त्यांना. दूध काढते त्यांचा.
तिची वाट मोड आधी."
शुक्रवारी कागदात चुलीतली राख बांधून आणली,
पैसे घेतले नाहीत, निवट्यांचे मात्र दहा जास्त लावले.
मी कुंडीच्या काठावर राखेची रेघ ओढली
आणि बघत बसलो:
मुंगी आली, थांबली, मागे फिरली.
एकतीस वर्षांत माझ्या तक्त्यात
मुंगीला रकाना नव्हता.

पंधरा दिवस झाले.
पिठ्या अर्धा गेला, अर्धा आहे.
कारखान्यात अशा निकालाखाली मी लाल रेघ मारली असती.
इथे जास्वंदीला तीन फुलं आली,
एक जरा वाकडं.

आज संध्याकाळी वांग्यावर मावा दिसला.
बाटली हलवली, नेम धरला,
आणि माव्याच्या गर्दीत काहीतरी सरकलं,
करडं, खरबरीत, बोटाच्या पेराहून लहान मगर.
अशांची मी मोजदाद केली आहे, मेल्यावर.
'इतर' या शीर्षकाखाली.
ढालकिड्याचं पोर.
पाठीवर लाल रंग यायला अजून वेळ आहे.
भिंगाखाली ते एकेक मावा उचलून खात होतं,
घाई नाही, दया नाही,
भूक लागलेल्या मुलासारखं सगळं लक्ष ताटात.

कुंदाने आतून विचारलं, "मारलं का?"
बाटली हातातच होती.
म्हटलं, जास्वंदीला मारलं.
वांग्याची एक फांदी
आज राहू दिली.