कड

बुधवारी जुन्या बाजारात
तांबोळ्याच्या ताडपत्रीवर
नळाच्या तोट्या, चष्म्याच्या काड्या, बिनकाट्यांचं घड्याळ,
आणि मध्येच एक विलायती शिलिंग.
लोक राजा बघतात.
माझा अंगठा आधी कडेवर जातो.
तेहतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात लेथवर काढली,
कुठलीही गोल वस्तू मला कडेनेच भेटते.

तिकडे म्हणे लोक चांदीच्या कडा कातरायचे,
आज नखाएवढी, उद्या नखाएवढी,
राजाचा मुकुट गेला, मग कपाळ.
फासावर चढवलं तरी कातरत राहिले.
मग कडेला दाते पाडले,
कातरलं की दिसायचं.
एवढंसं नर्लिंग!
मी बोल्टांच्या डोक्यांवर रोज करायचो
आणि घरी येऊन म्हणायचो, आज विशेष काही नाही.

त्याही आधी सुट्टे हवे तर पेनीच तोडत,
पाठीवरच्या क्रुसावरून, भाकरीसारखी.
त्या चतकोराचंच पुढे नाणं झालं, फार्दिंग.
माझ्याकडे एक आहे.
त्यावर शेपटी उभारलेला इवलासा पक्षी.
सगळ्यात लहान नाण्याला असा पक्षी ज्याने शोधला
त्याच्याशी माझं जमलं असतं.

आता कुमुदचं सांगतो.
एक पेनी होती, अंबाडा घातलेली राणी,
सव्वाशे वर्षांनी चढवलेला काळपट तपकिरी रंग.
दिवाळीआधी देवाची भांडी निघाली,
आणि चिंचेच्या कोळात
ताम्हन, पळी, पेनी.
उन्हात तिघं सारखीच लखलखत होती.

प्रदर्शनात ओसवालांनी भिंग लावलं,
लगेच खाली ठेवलं.
"काका, हिची आता मोड."

चार दिवस मी जेवताना मीठसुद्धा मागितलं नाही.
पाचव्या दिवशी तीच म्हणाली,
"मागच्या बाजूला बाई बसलीय, हातात त्रिशूळ.
मला वाटलं, देवीच आहे तुमची कुठलीतरी.
कळकट कशी ठेवायची?"

अल्बममधला तो खण रिकामाच आहे.
पेनी देव्हाऱ्यात असते, हळूहळू काळवंडतेय.
तिची कड गुळगुळीत,
तांबं कोण कातरतंय!

दर दिवाळीला
चिंच भिजत पडली की मी तिला उचलून खिशात टाकतो,
भांडी पुसून झाली की परत ठेवतो.
कुमुद बघते.
तिच्या जागेवरचं कुंकू तेवढं
हलवत नाही.