दोन हाका

नोंद काढून टाकायला मला अकरा सेकंदं लागली.
मी मोजली नाहीत, ती यंत्रात आपोआप पडतात.
रात्रीचे सव्वादहा, रायबंदरच्या खोलीत पंखा कुरकुरतोय,
आणि यादीत अजून एकोणनव्वद.

गोव्यातल्या सगळ्या खाजनांच्या सगळ्या मानशी
एका जागी लिहून ठेवायच्या, कुणीही लिहाव्यात,
आम्ही सहाजणांनी तपासाव्यात, असं ठरलेलं.
ही चोडणची. लिहिणारा नवा. फोंडू वळवईकर.
दारं: तीन.
लाकूड: मधलं मत्तीचं, बाकीचं पाण्यालाच ठाऊक.
बांधाच्या कोपऱ्यापासून अंतर: दोन हाका.

त्या रकान्यात आकडा लागतो.
मी कारण निवडलं, ‘अपुरी माहिती’,
आणि ते कारण आमच्याच कपाटात राहिलं.
लिहिणाऱ्याला कळवायची सोय कुणी केलीच नव्हती.
मडगावचा यतीन म्हणाला होता, बघू नंतर,
रोज एवढ्या निघतात, कुणाकुणाला सांगत बसणार?

चौथ्या दिवशी तीच नोंद पुन्हा.
तीन दारं, मत्ती, दोन हाका.
काढली.

आठवड्यानं तिसऱ्यांदा. या वेळी शेवटी एक ओळ जास्त:
‘माझं बोट जाड, बटण नीट दाबलं जात नसावं.
आज शेजारच्या लव्हिनाकडून दाबून घेतलं आहे.’
हे मी वाचलं,
पण काढून टाकल्यावर.

रविवारी फेरीबोटीत एक म्हातारी सुक्या बांगड्यांची पाटी
माझ्या पायाशी ठेवून झोपली.
मांडवी ओलांडायला लागतो तेवढ्या वेळात
मी माफीची तीन वाक्यं जुळवली
आणि धक्क्यावर उतरताना विसरले.

मानशीवर बसून तो जाळं सांधत होता.
म्हटलं, मोबाईल बिघडलेला नाही तुमचा.
मी काढली. तिन्ही वेळा मीच.
त्यानं दातातला दोरा काढला.
‘म्हणजे ती गेली नव्हती,’ म्हणाला.
‘मी आपला हरवलेलं शोधल्यासारखा शोधत होतो.’
मग बराच वेळ काही नाही. मग, रागानं नाही:
‘सांगपाचें आशिल्लें, बाय.’

सुकती लागली. तो फळीवर उभा राहिला,
दोरी हाताला गुंडाळली, आणि उचलण्याआधी
खाडीकडे तोंड करून ओरडला.
चिखलात कुणी खुबे वेचत असलं तर बाजूला व्हावं म्हणून.
एक बगळा उठला, तेवढंच.
पाणी दारातून असं सुटलं
की माझी चप्पल वाहता वाहता राहिली.
मी विचारलं, कुणी नव्हतंच ना तिथं?
‘कोण नाशिल्लें, तें मागीर कळटा.’

त्या रात्री मी यतीनला झोपू दिलं नाही.
पहिला मसुदा त्याचा: ‘सदर नोंद निकषांत न बसल्याने’.
दुसऱ्यात ‘सदर’ गेलं, ‘निकष’ राहिले.
पहाटे दोनला उरलं ते असं:
तुमची नोंद मी काढली आहे. चूक तुमच्या बोटाची नाही.
अंतराच्या जागी आकडा हवा होता.
लिहिलेलं फुकट गेलेलं नाही, जपून ठेवलं आहे, खाली दाबलंत की दिसेल.
अडलं तर मला विचारा.
आणि खाली माझं नाव, फोन नंबरासकट.
यतीन म्हणाला, शिव्या खाशील.
खाल्ल्याही. पहिल्याच आठवड्यात दोन,
त्यातली एक चांगली लांबलचक, काणकोणहून.

फोंडूची नोंद आता आहे.
आकड्यासाठी आम्ही दोघं बांधावर गेलो होतो,
तो कोपऱ्यावर थांबला, मी मानशीकडे चालत राहिले,
एका हाकेपर्यंत, मग तिथून दुसऱ्या.
पावलं मोजली, मीटर केले: एकशे नव्वद.
तो रकाना भरला.
शेऱ्यात त्यानं स्वतः लिहिलंय, जाड बोटानं, दोन चुकांसकट:
वारा पाटीवर आसेल तर दीड.