गोड्या पाण्यात बोटभर

तेरा वर्षं हौसाक्का ट्रकच्या ट्यूबवर बसून
काळम्मावाडीच्या फुगवट्यात जाळं टाकत होती.
पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात, मांडीवर परात,
परातीत चिलापी.
त्याआधी गुऱ्हाळातली टाकून दिलेली काहिल होती,
ती जागच्या जागी गरगरायची.
आक्का म्हणायची,
"मासं कुठं हाईत ते हिला ठावं, पर सांगत न्हाई."

आता पाय सुजतात.
मी उद्यमनगरातनं दोन दिवसांची रजा टाकली
आणि आम्ही फोंडा घाट उतरलो,
होडी बघायला.

मालवणला वाळूवर सहा होड्या.
मला पहिलीच आवडली, निळी,
मागं इंजिनाची जागा असलेली.
आक्कानं तिच्याकडं मान वळवली नाही.
बोटांच्या पेरांनी ठोकत गेली एकेक,
बाजारात माठ घेताना ठोकतात तशी.
चौथीचा आवाज बसका. "पोटात पाणी मुरलंय हिच्या."
पाचवीचा तळ धारदार, लाटा कापायला केलेला.
"आमच्यात लाटा कुठल्या?
बुडालेल्या झाडांचे बुंधे हाईत,
त्यावर ही कलंडंल."

सहावी सपाट, अकरा फुटी, कडेला एक ठिगळ.
आक्का आत जाऊन मधोमध उकिडवी बसली,
कोरड्या वाळूवरच,
डोळे मिटले,
मग डावीकडं वाकून
नसलेलं जाळं हाताहातानं ओढत राहिली.
किनाऱ्यावरची पोरं हसली.
बस्त्यावनं बिडी विझवली, तो हसला नाही.
"ठिगळ माज्या हातचा, बाय.
होडी जायत, ठिगळ जावचा नाय."

घासाघीस दोनच वाक्यांची झाली.

टेम्पोत पालथी बांधून घाट चढवली.
वळणावळणाला खारट वास मागं सांडत होता,
की मला तसं वाटलं.

मग माझी कामं.
फाउंड्रीत शेवटच्या ओतणीतनं उरलेल्या रसाचा
चार बोटांचा नांगर ओतला,
पिराजी फोरमननं तेवढा वेळ पाठ फिरवली.
बसायची फळी वीतभर मागं घेतली,
आक्काची पाठ उंचीला बुटकी, वजनाला नाही.
ट्यूब कापून पट्ट्या केल्या, काठाला ठोकल्या,
म्हणजे बुंध्याला घासली तरी रबर घासेल.
तेरा वर्षांची ट्यूब. कापताना आक्का तिथं थांबली नाही.

वल्ह्यांना ट्रॅक्टरच्या बेअरिंगा बसवल्या.
लोण्यासारखी फिरली.
आक्का चिडली,
"आवाज नको व्हय?
अंधारात मी कुठं हाय ते काठावर कळायचं कसं?"
एक काढली.
आता डावं वल्हं कुरकुरतं.

राहिलं नाव. पुढच्या अंगाला अर्धं उडालेलं,
स्टेला.
पोरं इस्टेलाबाई म्हणू लागली.
मी पिवळा रंग आणला, देवीचं नाव घालू म्हटलं.
आक्का जाळ्याला शिसं ओवत होती.
"ऱ्हाऊ दे. माहेरचं तेवढंच हाय तिच्याकडं."
थोड्या वेळानं, दातांनी दोरा तोडत,
"माझं चंपा होतं."
पन्नास वर्षांत
हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी पहाटे पाण्यात लोटली.
आक्का, पाग, नांगर, भाकरीचं गाठोडं.
होडीच्या अंगावर समुद्राची जुनी रेघ होती,
शेवाळाची, पांढुरकी,
खाऱ्या पाण्यानं तिला जिथवर उचललं होतं तिथवर.
आमचं पाणी त्या रेघेच्या वर आलं,
बोटभर.
मी घाबरलो, ठिगळावर हात ठेवला. कोरडं होतं.
आक्का म्हणाली, "गोडं पाणी हलकं असतंय रं,
कमी पेलतंय.
म्हणून परतताना एक टोपली कमी धरायची, बस."

आणि गेली.
धुक्यात काहीच दिसत नव्हतं.
डावं वल्हं कुरकुरत होतं,
कुरकुरत होतं,
मग थांबलं.

जाळं टाकलं असणार.