पावसाची वही

पेंट्रेवेनच्या डोक्यावर जो डोंगर दिसतो
तो डोंगर नाही.
शंभर वर्षं खाणीतून वर काढून
नको म्हणून फेकलेला ढीग आहे तो.
आता त्यावर गवत आहे, मेंढ्या आहेत,
आणि महिन्यातून दोनदा मी असतो,
कौन्सिलचं पिवळं जाकीट घालून,
नळीत तार सोडून
ढिगाच्या पोटात पाणी कुठवर चढलंय ते मोजत.

खालच्या रांगेतलं शेवटचं घर ग्वेनलियनबाईंचं.
परसात तांब्याचं पर्जन्यमापक, नवऱ्यानं आणलेलं.
स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांमागे, अकरा वह्या.
रोज सकाळी नऊ वाजता.
एकोणीसशे एकसष्टपासून.
नाताळलासुद्धा.
इद्रिस गेला त्या दिवशीचीही नोंद आहे:
तीन पूर्णांक दोन. वारा नाही.
बाकी ओळ कोरी.

"पूर्वी पाऊस बसायला यायचा," त्या म्हणाल्या,
"दुपारभर बसायचा, कंटाळा आणायचा.
आता दार न वाजवता येतो,
सगळं उलथंपालथं करतो
आणि जातो."

मे महिन्यात मी वह्या घरी नेल्या,
आकडे संगणकात भरले.
वर्षाची बेरीज फारशी हललेली नाही.
हललेत ते पन्नास मिलिमीटरच्या वरचे दिवस,
बाईंनी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेले.
पहिल्या चार वह्यांत मिळून सहा.
शेवटच्या दोन वह्यांत एकोणीस.

हवा एका अंशानं तापली
की सात टक्के जास्त वाफ पोटात ठेवते,
हे मला कॉलेजपासून पाठ होतं.
लाल पेन्सिल पाठ नव्हती.

आणि तापवली कुणी, तर
हवेचाही ठसा घेता येतो.
तिच्यातल्या कार्बनचं वय तपासता येतं.
वाढलेला कार्बन म्हातारा निघतो,
डायनासोरांच्याही आधीच्या रानांतला.
म्हणजे याच दरीतून
कार्डिफच्या धक्क्यावर, जहाजांच्या पोटात गेलेला.
म्हणजे घुग्घुसचाही.
घुग्घुसला आमचे बाबा खाणीच्या हजेरीवर होते.
त्यांच्या पगारातून माझी फी,
माझ्या फीमधून हे जाकीट.
कोळसा उगाळावा तितका काळाच.
मी रात्री दोनपर्यंत उगाळत बसलो.

मग बाबांना फोन केला. तिकडे सकाळ झाली होती.
"काल सत्तेचाळीसवर गेलं ना बाप्पा,
कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला."
मी म्हटलं, इथे पाऊस.
ते म्हणाले, "मजा आहे तुमची."

नोव्हेंबरात दोन दिवसांत एकशे चाळीस.
तारेला एरवी सहा मीटरवर पाणी लागायचं,
दीडवर लागलं.
रात्रीच खालची रांग रिकामी केली.
ग्वेनलियनबाई बसमध्ये चढल्या,
एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्यात अकरावी वही.
ती त्यांनी माझ्याकडे दिली.
"इद्रिस म्हणायचा, आम्ही वर उजेड पाठवतो."
ढिगाकडे त्यांनी पाहिलं नाही.
"आणि हे बघ, गुडघ्यावर बसून वाच.
उभ्यानं वाचलं की आहे त्याहून जास्त दिसतं."

ढीग अजून तिथंच आहे.

सकाळचे नऊ.
रिकाम्या गल्लीच्या शेवटच्या परसात
मी चिखलात गुडघे रोवून,
डोळा पाण्याच्या पातळीला आणून.
चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.
वहीच्या दोऱ्याला लाल पेन्सिल बांधलेली होती.
आधी तिला टोक काढलं.